विडी-सिगारेट सोडताना शरीरात जे होतं, ते ओळखायचं कसं

सिगारेट सोडून तिसरा दिवस होता. एप्रिल महिना. रात्री अडीचला जाग आली ती छातीतल्या धडधडीने. पंखा फुल्ल चालू, तरी बनियन भिजलेलं. ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या. बायकोला उठवलं. तिने शेजाऱ्याला उठवलं, आणि आम्ही रिक्षाने दवाखाना गाठला. ईसीजी काढला, नॉर्मल आला. बीपी थोडं वर होतं. "टेन्शन घेऊ नका, काही नाही," असं सांगून घरी पाठवलं.

येताना सोलापुरातल्या सात रस्त्याजवळ एक टपरी उघडली होती. तिथे उभ्या उभ्या एक सिगारेट घेतली. चार झुरक्यांत धडधड थांबली, मुंग्या गेल्या, डोकं शांत झालं. मी मनाशी हिशेब केला: माझ्या शरीराला ही लागतेच, सोडली तर मी आजारी पडतो. त्या एका हिशेबापायी मी आणखी दोन वर्षं ओढत राहिलो.

हिशेब चुकला होता, आणि कुठे चुकला ते कळलं असतं तर ती दोन वर्षं वाचली असती. ईसीजी काढला ते बरोबरच केलं. चूक पुढे झाली. झुरका घेतला की निकोटिन 10 ते 20 सेकंदांत मेंदूत पोचतं. निकोटिनच्या अभावाने जो त्रास सुरू झालेला असतो, तो निकोटिन मिळाल्यावर थांबणारच. आराम पडला याचा अर्थ मेंदूला त्याची सवय झालेली आहे, एवढाच. हृदय, फुफ्फुस, रक्त यांना त्याची गरज आहे, हे त्यातून अजिबात सिद्ध होत नाही.

याच्या उलटी चूकही मी जवळून पाहिली आहे. आमच्या कारखान्यातल्या एका जॉबरने (मागांवर देखरेख करणाऱ्याने) विडी सोडली आणि खोकला सुरू झाला. "सोडल्यावर कफ निघतोच," असं म्हणून सगळ्यांनी, त्यात मीही आलो, त्याला धीर दिला. महिनाभर तो खोकत राहिला. शेवटी बेडका तपासला तर टीबी निघाला. औषध घेऊन तो बरा झाला, पण तो महिना फुकट गेला आणि त्या महिन्यात घरात लहान लेकरं होती.

म्हणजे प्रत्येक दुखण्याला घाबरून पुन्हा ओढायला लागणं ही एक चूक, आणि प्रत्येक दुखणं सोडण्याच्या खात्यावर मांडणं ही दुसरी. या दोन्हींच्या मधून कसं जायचं, ते इथे लिहितो आहे.

सोडण्याआधीचा आठवडा

तारीख ठरवा, आणि त्या तारखेच्या आधी आपल्या शरीराचा आत्ताचा हिशेब लिहून काढा. हे काम फार कमी लोक करतात, आणि नंतर त्यावाचूनच अडतं. बीपी, रक्तातली साखर, वजन. शिवाय आत्ता जे जे होतं ते सगळं: सकाळी खोकला येतो का, जिना चढताना धाप लागते का, पोटऱ्या दुखतात का, हातपाय बधिर होतात का. वीस वर्षं ओढणाऱ्याला यातलं काही ना काही असतंच. त्याची इतकी सवय झालेली असते की ते जाणवत नाही. मग सोडल्यावर माणूस प्रथमच शरीराकडे लक्ष देतो आणि जुनंच दुखणं नवीन वाटायला लागतं.

बसल्याजागी नाडी मोजायला शिका. मनगटावर अंगठ्याखालच्या बाजूला दोन बोटं ठेवा, 30 सेकंद मोजा, दुप्पट करा. तीन-चार दिवस सकाळी मोजून आकडा लिहा. पुढे मध्यरात्री धडधड होईल तेव्हा हाच आकडा आधार देतो.

तुम्ही काही औषधं घेत असाल तर तारीख डॉक्टरांना आधी सांगा. विडी-सिगारेटच्या धुरामुळे यकृत काही औषधं भराभर उतरवतं. धूर बंद झाला की तीच औषधं रक्तात जास्त उरतात आणि डोस जड होतो. दम्यासाठीचं थिओफायलिन, मानसिक आजारासाठीची ओलान्झापिन आणि क्लोझापिन ही त्यातली महत्त्वाची. रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल तर तपासणीची तारीख अलीकडे घ्यावी लागते. इन्सुलिन घेणाऱ्यांनी साखर वरचेवर तपासावी, कारण सोडल्यानंतर इन्सुलिन जास्त लागू पडू शकतं आणि साखर उतरू शकते. घाम, थरथर आणि घाबरं होणं हे साखर उतरल्याचंही लक्षण असतं आणि तलफेचंही. ग्लुकोमीटर असेल तर दोन मिनिटांत फरक कळतो.

वही

पाच रुपयांची छोटी वही पुरते. खिशात जिथे पाकीट असायचं तिथेच ठेवा. माझ्या वहीतल्या दोन नोंदी तशाच्या तशा देतो:

"मंगळवार, सकाळी 11. डोकं जड, हलकी चक्कर. चहा 3 झाले, पाणी नाही. बसून 2 ग्लास पाणी. 20 मिनिटांत गेली."

"गुरुवार, संध्याकाळी 6:30. छाती आवळल्यासारखी. गेटवर उभा होतो, सगळे टपरीकडे निघाले तेव्हा. 6:40 ला गेली. नाडी 84."

चार गोष्टी: कधी, काय, त्या वेळी मी काय करत होतो, आणि कशाने व किती वेळाने गेलं. गुरुवारसारख्या तीन नोंदी झाल्यावर माझं मलाच दिसलं की छाती आवळते ती फक्त गेटवर, शिफ्ट सुटताना. तीन मजले चढून गोदामात जाताना आवळत नाही. हृदयाचं दुखणं सहसा याच्या उलट वागतं. ते कष्टाने वाढतं आणि थांबल्यावर उतरतं.

म्हणून प्रत्येक लक्षणाला तीन प्रश्न विचारा. हे सोडण्याच्या तारखेआधी होतं का? दिवसागणिक उतरतंय की चढतंय? आणि चालताना, जिना चढताना, ओझं उचलताना वाढतं का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "हो" असेल तर वही मिटा आणि डॉक्टरांकडे जा. बाकीचं नंतर.

काय कधी येतं

शेवटच्या झुरक्यानंतर 4 ते 24 तासांत त्रास सुरू होतो. दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात अवघड. त्यानंतर जोर हळूहळू ओसरतो आणि बहुतेकांचं तीन-चार आठवड्यांत बरंच निवळतं. भूक मात्र जास्त दिवस पिच्छा पुरवते. एकेक तलफ काही मिनिटांचीच असते, फक्त ती मिनिटं लांबतात. चिडचिड, बेचैनी, कामात लक्ष न लागणं, झोप तुटणं, उदास वाटणं, डोकेदुखी, बद्धकोष्ठ, तोंड येणं, घसा खवखवणं, खोकला या सगळ्या गोष्टी या काळात नेहमीच्या आहेत.

चहा निम्मा करा

सगळ्यात आधी हे करा, कारण याबद्दल कुणी सांगत नाही आणि फरक लगेच पडतो. धूर यकृताला ज्या प्रकारे पळवतो, त्याच वाटेने चहा-कॉफीतलं कॅफिनही उतरतं. ओढणाऱ्याच्या अंगातून कॅफिन झपाट्याने जातं. सोडल्यावर काही दिवसांत तो वेग मंदावतो आणि तेवढ्याच चहाने रक्तात कॅफिन दुप्पटसुद्धा होऊ शकतं. दिवसाला सहा कप पिणाऱ्याला अचानक बारा कप प्यायल्यासारखं होतं. धडधड, हाताला कंप, रात्री टक्क डोळे उघडे, विनाकारण घाबरं होणं. माणूस म्हणतो, सिगारेट सोडली म्हणून असं झालं. असतो चहा.

हे धुरामुळे होतं, निकोटिनमुळे नाही. म्हणून निकोटिनचा च्युइंगम चघळत असाल तरी चहा कमी करावाच लागतो. सहाचे तीन करा, आणि संध्याकाळी पाचनंतर एकही नको. टपरीवरचा चहा तर काही दिवस पूर्ण टाळा, कारण तिथे हात आपोआप खिशाकडे जातो.

धडधड, चक्कर, मुंग्या

धडधड झाली की बसा आणि नाडी मोजा. सोडल्यावर काही दिवसांत नाडी आधीपेक्षा कमी व्हायला हवी. धडधड जाणवत असूनही नाडी 100 च्या आत आणि एकसारखी असेल, छातीत दुखत नसेल, तर पाणी प्या आणि दहा मिनिटं थांबा. शांत बसलेले असताना ती 120 च्या वर राहत असेल, किंवा ठोके अडखळत असतील, तर ईसीजी काढून घ्या.

ओठांभोवती आणि बोटांना मुंग्या येण्याचं एक साधं कारण मला फार उशिरा कळलं. घाबरल्यावर आपण भराभर, उथळ श्वास घेतो. त्यात रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्याने मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. मग माणूस आणखी घाबरतो आणि आणखी जोरात श्वास घेतो. उपाय असा: नाकाने चार मोजेपर्यंत श्वास घ्या, ओठांचा चंबू करून सहा मोजेपर्यंत सोडा. पाच मिनिटं. सिगारेट ओढताना आपण दिवसातून पंधरा-वीस वेळा काम थांबवून दीर्घ श्वास घेत होतो. त्या आरामातला बराच भाग त्या श्वासाचा होता. तो श्वास ठेवायचा, धूर काढायचा.

चक्कर येते तेव्हा सोलापूरचा उन्हाळा विसरू नका. एप्रिल-मे मध्ये पारा 40 च्या वर जातो, यंत्रमागाच्या शेडमध्ये पत्र्याखाली त्याहून जास्त. तिथे पाण्याविना उभ्या असलेल्या माणसाला चक्कर येणारच, मग त्याने विडी सोडलेली असो वा नसो. ताक, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, आणि पाण्याची बाटली हाताशी. मुंग्या एकाच हाताला किंवा पायाला असतील, किंवा आठवडे उलटूनही राहत असतील, तर साखर आणि बी12 तपासून घ्या.

खोकला

श्वासनलिकेच्या आत बारीक केस असतात, कफ वर ढकलणारे. धुराने ते लुळे पडलेले असतात. सोडल्यावर ते कामाला लागतात आणि साठलेला कफ निघायला लागतो. म्हणून काही आठवडे खोकला वाढू शकतो. कोमट पाणी, वाफ, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या यांनी बरं वाटतं. झोप मोडत असेल तर उशी थोडी उंच करा.

पण आपल्या गावात खोकल्याला आणखी दोन कारणं असतात. सूतगिरणीत किंवा मागावर काम करणाऱ्यांच्या छातीत कापसाची बारीक धूळ जाते आणि त्याने बिसिनोसिस नावाचा आजार होतो. त्याची खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे: सुट्टीनंतर कामावर परतण्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळते, धाप लागते, आणि आठवडा सरत जाईल तसं कमी होतं. तुमच्या वहीत ही लय दिसली तर डॉक्टरांना आपण काय काम करतो हे आवर्जून सांगा. ते विचारतीलच असं नाही.

दुसरं कारण टीबी. दोन आठवड्यांच्या वर खोकला राहिला की बेडका तपासायचा, सोडणं असो वा नसो. सरकारी दवाखान्यात ही तपासणी फुकट होते. माझ्या त्या सहकाऱ्यासाठी एवढं एक वाक्य वेळेवर पुरलं असतं.

पोट, तोंड, झोप

निकोटिन आतड्यांना चालना देत होतं. सकाळची पहिली विडी आणि संडास यांची कित्येकांची जोडीच असते. ती तुटली की चार-आठ दिवस पोट साफ होत नाही. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, पेरू, सकाळी उठल्याबरोबर दोन ग्लास कोमट पाणी आणि अर्धा तास चालणं. सिद्धेश्वर तलावाच्या काठाने सकाळी फेरी मारली की तलफेची पहिली वेळही तिथेच टळते.

तोंड येणं पहिल्या दोन आठवड्यांत पुष्कळांना होतं. त्या दिवसांत शेंगाचटणी झोंबते. भाकरीबरोबर दही घ्या, चटणी थोडे दिवस बाजूला. एखादी जखम किंवा पांढरा-लाल चट्टा दोन-तीन आठवड्यांत भरला नाही, तर मात्र दंतवैद्याला दाखवाच. आपल्याकडे विडीबरोबर मावा, मिश्री, तंबाखू चालतात, आणि अनेकजण विडी सोडताना माव्यावर जातात. त्यामुळे निकोटिन चालूच राहतं आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. ती अदलाबदल कृपा करून करू नका.

भूक वाढते, वजन वर्षभरात सरासरी 4-5 किलो वाढू शकतं. ते नंतर उतरवता येतं. दोन्ही लढाया एकाच महिन्यात लढू नका. फुटाणे, बडीशेप, गाजर जवळ ठेवा.

च्युइंगमचा त्रास वेगळा ओळखा

मळमळ, उचक्या, छातीत जळजळ सुरू झाली आणि तुम्ही निकोटिनचा च्युइंगम वापरत असाल, तर आधी चघळण्याची पद्धत तपासा. तो साध्या च्युइंगमसारखा सतत चघळायचा नसतो. हळूहळू चावा, तिखट झिणझिण लागली की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्या. झिणझिण गेली की परत थोडा चावा. असा अर्धा तास. लाळेबरोबर निकोटिन पोटात गेलं की उचक्या लागतात. चहा किंवा सरबताच्या आधी-नंतर 15 मिनिटं तो घेऊ नका, नाहीतर नीट शोषला जात नाही. 2 मिलिग्रॅमचा चिठ्ठीशिवाय मिळतो. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल तर डोस डॉक्टरांकडून ठरवून घ्या. अंगावर चिकटवायची निकोटिनची पट्टी वापरत असाल आणि तिने विचित्र, ठसठशीत स्वप्नं पडत असतील तर ती रात्री काढून झोपता येते का, ते विचारा.

इथे थांबायचं नाही

छातीवर ओझं ठेवल्यासारखं दुखणं, ते डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणं, सोबत घाम आणि मळमळ. बसलेलं असताना धाप. चेहरा एका बाजूला वाकडा होणं, बोबडी वळणं, एका बाजूची ताकद जाणं. थुंकीतून पुष्कळ रक्त. यातलं काहीही झालं की 108 ला फोन. "तलफ असेल, सकाळी बघू" हे वाक्य इथे चालत नाही.

त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा तो एकाच पायाची पोटरी सुजून दुखली, किंवा थुंकीत थोडंसंही रक्त दिसलं तर. आणि आठवड्याभरात दाखवायच्या गोष्टी: तीन आठवड्यांहून जास्त बसलेला आवाज, प्रयत्न न करता उतरलेलं वजन, थोडं चाललं की पोटरीत गोळा येणं व थांबलं की जाणं, पायाची बोटं गार पडणं, निळसर होणं किंवा न भरणारी जखम. पोटरीतला गोळा आणि पायाच्या बोटांचा त्रास विडी ओढणाऱ्या तरुणांमध्येही दिसतो. रक्तवाहिन्या बंद होत चाललेल्या असतात आणि सोडणं हाच तिथे मुख्य उपचार असतो.

उदासपणा दोन आठवड्यांनी कमी व्हायच्या ऐवजी गडद होत असेल, जगण्यात अर्थ वाटत नसेल, तर 14416 वर टेली-मानसला फोन करा. मोफत आहे, रात्रीही चालतो. यात लाजण्यासारखं काही नाही.

डॉक्टरांसमोर

सुरुवातीलाच सांगा: "अमुक तारखेला सिगारेट सोडली, त्याआधी रोज इतक्या, इतकी वर्षं." मग वही पुढे करा. मी पहिल्या वेळी दवाखान्यात सोडल्याचा उल्लेखच केला नव्हता. लपवायचं नव्हतं, पण त्याचा संबंध असेल असं डोक्यातच आलं नाही.

रिपोर्ट नॉर्मल आला तर दोन गोष्टी विचारा. हे किती दिवसांत कमी व्हायला हवं? आणि काय झालं तर मी परत यायचं? ही दोन उत्तरं वहीत लिहून घ्या. रिपोर्ट नॉर्मल असणं म्हणजे त्रास खोटा असं नाही. तलफेतला त्रास खरा असतो, फक्त तो मशिनवर उमटत नाही. पण एका नॉर्मल रिपोर्टनंतर दुसरी लॅब, मग तिसरी, असं फिरत राहिलात तर भीती वाढते आणि भीतीनेच धडधड वाढते. ठरलेल्या मुदतीपर्यंत थांबा.

आधार हवा असेल तर तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी मोफत नंबर 1800-11-2356 आहे, पाकिटावर छापलेला असतो. सिव्हिलमध्येही तंबाखूमुक्तीच्या समुपदेशनाची चौकशी करा.

लोक काय म्हणतात, आणि घर

"सोडलास आणि बिमार पडालास बे!" हे वाक्य तुम्हाला ऐकावं लागेलच. जोडीला कुणाचा तरी दाखला असेल: अमक्याने सोडली आणि सहा महिन्यांत कॅन्सर निघाला. यामागे बहुतेक वेळा असं असतं की शरीराने आतून आधीच इशारा दिलेला असतो, खोकला, अशक्तपणा, नकोसं वाटणं. त्यामुळेच माणूस सोडतो. आजार वर्षानुवर्षं वाढत आलेला असतो, सापडतो तेवढा नंतर. एवढं शांतपणे सांगा आणि विषय बदला.

घराचा प्रश्न जास्त अवघड. आपल्या गावात हजारो घरांत बाया विड्या वळतात. माझी आई वळायची. मांडीवर सूप, त्यात कापलेली तेंदूची पानं आणि तंबाखू, आणि सगळ्या खोलीभर तो वास. सोडणाऱ्या माणसाला त्या वासानेच तलफ येते, आणि तंबाखूच्या धुळीने घसा खवखवतो, शिंका येतात. त्या कामावर घर चालतं, ते बंद करा असं मी कुणाला सांगणार नाही. पण सूप दाराशी किंवा ओसरीवर, जिथे वारा आहे तिथे ठेवता येतं. झोपायच्या जागी तंबाखू नको. तयार विड्या जमा करेपर्यंत डबा झाकून, घट्ट झाकणाचा. घरच्यांना आधी विश्वासात घ्या, मोजलेल्या विड्यांतली एकही मागितली तरी द्यायची नाही असं ठरवून घ्या. माझ्या आईने ते पाळलं.

आणि एखाद्या रात्री माझ्यासारखंच घाबरून एक ओढलीच, तर ती वहीत लिहा. त्या वेळी काय होत होतं, नाडी किती होती, चहा किती झाले होते, शेवटचं खाणं कधी. पाकीट विकत घेऊ नका, घेतलं असेल तर उरलेल्या सिगारेटी पाण्यात बुडवून टाका. तारीख बदलू नका. दुसऱ्यांदा सोडताना माझ्या वहीत नवव्या दिवशी अशी एक नोंद आहे: "रात्री 1:15. धडधड. नाडी 92. संध्याकाळी 7 ला कॉफी. दोन झुरके, मग विझवली." त्याखाली दुसऱ्या दिवशीची ओळ: "कॉफी बंद." त्यानंतर रात्रीच्या धडधडीची नोंद वहीत नाही.